डब्याचा रिपोर्ट

मालकांनी प्रयोगशाळेच्या दारातून नुसतं डोकं आत घातलं आणि विचारलं, "आला का आकडा?"

"साहेब, अजून नमुना दळायचाय," रिपोर्टताई म्हणाली.

"मग दळा ना! त्या बाई दुपारी येऊन ठेपतील. आकडा कागदावर दिसला नाही तर त्या चहालासुद्धा थांबणार नाहीत."

डोकं गेलं. दार हललं. पुन्हा डोकं आलं. "आणि आकडा चांगला येऊ द्या हं."

आकडा चांगला येऊ देणं आपल्या हातात नसतं, हे रिपोर्टताईने मालकांना अनेकदा समजावलं होतं. ती त्या वेफर कारखान्याची रसायनतज्ज्ञ. कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. रिपोर्ट देणारी ताई म्हणून रिपोर्टताई. पिशवीत भरला जाणारा वेफर खाण्यालायक आहे की नाही, हे तिच्या सहीवर ठरायचं, आणि अलीकडे त्या सहीत सगळ्यात मोठा अडथळा एकाच गोष्टीचा होता. ती गोष्ट म्हणजे ॲक्रिलामाइड.

बटाट्यासारखी पिठूळ वस्तू कडक आचेवर तळली, भाजली की ती तांबूस होते, खमंग वास सुटतो, आणि त्या खमंगपणाबरोबरच हे द्रव्यही तयार होतं. रंग जितका काळपट, तितकं ते जास्त. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला दिसला होता. माणसांच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अजून खात्री पटलेली नव्हती, पण खात्री पटेपर्यंत खात बसा, असंही कुणी म्हणत नव्हतं. म्हणून किलोमागे साडेसातशे मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं, असं कारखान्याने ठरवलं होतं. दुकानांच्या एका मोठ्या साखळीने याच अटीवर त्यांचे वेफर ठेवायची तयारी दाखवली होती, आणि त्या साखळीच्या खरेदी अधिकारी बाई आज स्वतः येणार होत्या.

रिपोर्टताईने कढईवरून आलेला नमुन्याचा डबा टेबलावर ठेवला. नमुना मीठमसाला लावायच्या आधीचा, पातळ आणि कोरा. त्याच्या शेजारी तिने स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. दोन्ही डबे पांढरे, दोन्हींचं झाकण निळं. तिच्या जुन्या डब्याची कडी तुटल्यापासून तिने प्रयोगशाळेतलाच एक कोरा डबा घरी नेला होता. त्यात काही गैर आहे असं तिला वाटलं नव्हतं. तेवढ्यात गोदामातून फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

प्रयोगशाळेत तिच्या जोडीला आणखी एक तंत्रज्ञ होती. तिला सगळे वादळ म्हणत. कामाला वाघ, पण एखादी वस्तू कुठे ठेवली हे विचारण्याइतका धीर तिच्यापाशी नव्हता. मालकांचं डोकं तिसऱ्यांदा दारात उगवलं तेव्हा खोलीत वादळ एकटीच होती.

"दळलं का?"

"हे काय, दळतेच आहे!" वादळ म्हणाली, आणि हाताला आला तो डबा उघडून आतले बटाट्याचे पातळ काप तिने यंत्रात ओतले. काप जरा जास्त तांबूस आहेत असं तिला वाटलं. पण आज तळणाऱ्या कढईकाकांचा मूड ठीक नसेल, असं म्हणून तिने बटण दाबलं.

आता तो दुसरा डबा काय होता, ते सांगायला हवं. रिपोर्टताईचे सासरे आठ-नऊ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. सासूबाई जाऊन बराच काळ लोटला होता. रिकामं घर खायला उठतं म्हणून बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि त्यांचा हात बसला तो एकाच पदार्थावर. बटाट्याचे कागदासारखे काप करायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. रक्तदाबामुळे मीठ बंद. "तुमच्या कंपनीपेक्षा पातळ कापतो," असं ते सुनेला अभिमानाने सांगत. पातळ ते होतेच, पण त्यांचा रंग जुन्या लाकडी कपाटासारखा असे. घरात रोज ते काप होत, रोज सुनेच्या डब्यात जात, आणि रोज रात्री सून आणि मुलगा दोघं "वा बाबा!" म्हणत. एकट्या माणसाला मिळालेला एवढा एक उद्योग, तो मोडायचा कुणी?

जेवणाच्या सुट्टीत रिपोर्टताईने टेबलावर उरलेला डबा उचलला आणि जेवणघरात जाऊन उघडला. काप सोनेरी होते. एक तोंडात टाकला. कुर्रकन मोडला आणि विरघळला. तिने दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि तिला भरून आलं. इतक्या महिन्यांनी बाबांना जमलं! तिने तिथूनच घरी फोन लावला.

"बाबा, आज काय केलंत तुम्ही? अहो, अप्रतिम झालेत!"

"रोजच्यासारखेच केले गं."

"छे, रोजच्यासारखे नाहीत. शपथेवर सांगते, इतके चांगले कधीच झाले नव्हते."

"अगं, अजून बटाटे आहेत," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "बघतोच आता!"

काय बघणार, ते तिने विचारलं नाही. तिने फोन ठेवला आणि समाधानाने हात धुतले.

यंत्राने आकडा दिला तेव्हा रिपोर्टताईला आधी वाटलं, शून्य एखादं जास्त पडलंय. पडद्यावर दोन हजार नऊशे होते. साडेसातशेच्या जागी दोन हजार नऊशे! तिने त्याच दळलेल्या तांबूस पुडीतून पुन्हा नमुना घेतला, सगळी रसायनं नव्याने घेतली आणि पुन्हा चाचणी लावली. यंत्र प्रामाणिक होतं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

मालकांचं डोकं या वेळी एकटं आलं नाही, सगळे मालक आले. पडदा पाहिला आणि स्टुलावर बसले.

"हे आपलं आहे?"

"हो साहेब."

"काल भरलेला मालही याच बटाट्यांचा ना?"

"हो."

"आणि तो गाड्यांत चढून निघालासुद्धा," मालक स्वतःशीच म्हणाले. मग उठून ओरडले, "कढई बंद करा! कढईकाकांना बोलवा!"

कढईकाका आले. उंच, घामाघूम, आणि येतानाच भांडायच्या तयारीत. मोठ्या कढईवर त्यांची हयात गेली होती. तेलाच्या तापमानाला ते घरच्या माणसासारखं जपत.

"माझ्या तेलाला नाव ठेवायचं काम नाही," ते म्हणाले. "बटाट्यातच खोट असणार. गोदामवाल्यांनी थंडीत ठेवले असतील. थंडीत बटाटा गोड होतो, आणि गोड बटाटा तळला की काळा पडतो. जा, गोदामवाल्यांना धरा."

गोदामवाला आला. तो म्हणाला, बटाटे उबदार ठेवलेत, काप धुणाऱ्यांनी नीट धुतले नसतील. धुणाऱ्या बायका आल्या. त्या म्हणाल्या, आम्ही तीन पाण्यांतून काढतो, आमचे हात बघा. प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि सगळ्यांच्या मधोमध रिपोर्टताई पांढऱ्या कोटात पांढरी पडून उभी होती.

"तेलाचं तापमान उतरवा," मालकांनी हुकूम सोडला. "त्या बाईंना दाखवायला तरी चार वेफर फिक्के काढा."

कढईकाकांनी रडवेल्या चेहऱ्याने तेल उतरवलं. पाच-दहा मिनिटांनी ताटलीत नवे वेफर आले. मालकांनी एक तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"हा वेफर आहे की भिजलेला पुठ्ठा?"

"तुम्हीच सांगितलंत उतरवायला," काका म्हणाले. "आता त्याला कुरकुरीत व्हायला मी काय विनंती करू?"

मालकांनी खिशातून फोन काढला. "मी गाड्या परत बोलावतो. दुकानांना कळवतो. बाईंनाही सांगतो, येऊ नका म्हणून. संपलं सगळं. सहा महिने त्यांच्यामागे फिरलो मी."

रिपोर्टताई त्या ताटलीकडे बघत होती. तिला राहून राहून वाटत होतं, काहीतरी जुळत नाही. सकाळी कढईवर तिने डोळ्यांनी माल पाहिला होता. सोनेरी होता. सोनेरी मालाचा आकडा असा येत नाही. मग दळला गेला तो तांबूस माल आला कुठून? आणि सोनेरी माल गेला कुठे?

सोनेरी माल कुठे गेला हे तिला जिभेने आधी सांगितलं. जेवताना लागलेली ती चव. बाबांचे काप आज पहिल्यांदाच चांगले लागले होते. बाबांचे काप चांगले लागूच शकत नाहीत!

"वादळ," ती हळूच म्हणाली, "सकाळी तू कोणता डबा दळलास?"

"निळ्या झाकणाचा."

"दोन होते."

"दोन?" वादळ म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जागच्या जागी थांबली.

"साहेब, फोन ठेवा!" रिपोर्टताई ओरडली. मालकांच्या हातून फोन पडता पडता राहिला. "तो नमुना आपला नाही. तो... तो माझा जेवणाचा डबा होता. आपला नमुना मी खाल्ला."

तिने सगळं सांगितलं, आपली चूक कबूल करून. डबा तिनेच आणला होता, तिनेच नमुन्याशेजारी ठेवला होता. आता मालक काय बोलतात म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. मालक आधी हसले, मग चिडले, मग त्यांच्या चेहऱ्यावर तिसराच भाव आला.

"म्हणजे दोन हजार नऊशे... तुम्ही जेवता?"

"ताई, रोज?" कढईकाकांनी विचारलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"रोज. आठ-नऊ महिने."

धुणाऱ्या बायकांपैकी एक पुढे आली आणि तिने रिपोर्टताईच्या पाठीवर हात ठेवला. "घरी छळ आहे का गं?"

"नाही हो! खूप लाड आहेत."

"बटाटे कुठे ठेवतात?" काकांनी विचारलं.

"फ्रिजमध्ये."

काकांनी डोळे मिटून घेतले.

इतका वेळ आकडा कारखान्याचा म्हणून रिपोर्टताई घाबरली होती. आता तो घरचा निघाला होता. नवरा खात होता, ती खात होती, आणि बाबा तर दोन्ही वेळा. दिवसभर लोकांच्या ताटातला विषाचा कण शोधणारी बाई संध्याकाळी घरी जाऊन "वा बाबा" म्हणत होती.

"नवा नमुना लावा, पळा!" मालक म्हणाले. "बाईंना मी गप्पांत गुंतवतो. तेल चढवा, काका!"

इतक्यात फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. खरेदी अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांना स्वागतकक्षात बसवलं होतं. "आणि ताईंचे सासरेही आलेत, साहेब. मोठ्ठा डबा घेऊन. तेही तिथेच बसलेत."

रिपोर्टताई धावली. तिच्यामागे मालक धावले.

स्वागतकक्षात दोन खुर्च्यांवर दोघं शेजारीशेजारी बसले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर पत्र्याचा भला मोठा डबा उघडा होता आणि त्यातून धुरकट वास येत होता. बाईंच्या हातात एक काप होता, जवळजवळ काळा. त्या तो खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या.

"या या," बाबा सुनेला पाहून खुलले. "म्हटलं, तुझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनाच देऊ. दुपारचं तुझं ऐकून हुरूपच आला. आणखी थोडे जास्त भाजले."

बाई मालकांकडे वळल्या. "हा तुमचा माल? फाटकातून आत आले तर यांनी हातात ठेवला. मला वाटलं, तुम्ही स्वागताला..."

मालक जोरजोरात मान हलवत पुढे झाले.

"माल उत्तम आहे," बाबांनी बाईंना दिलासा दिला. "आमच्या सुनेने दुपारीच पास केलाय. तपासणी तीच करते इथली."

"तुम्ही?" बाईंनी रिपोर्टताईकडे रोखून पाहिलं. "तुम्ही पास केलंत हे?"

आता काय बोलायचं? नाही म्हणावं तर बाबा चारचौघांत खोटे पडतात. हो म्हणावं तर तिची सही खोटी पडते, आणि तिच्यामागे सगळा कारखाना. मालक तिच्याकडे बघत होते, आणि बाबाही. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र नुसता आनंद होता, आणि तोच बघवत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मी हे पास केलेलं नाही. हे आमचं नाही, बाई. हे माझ्या सासऱ्यांनी घरी केलंय. बाबा, दुपारी मी जे खाल्लं ते तुमचं नव्हतं. डबे बदलले. ते कारखान्याचे वेफर होते. तुमचे काप चुकून यंत्रात गेले आणि... ते करपलेले आहेत, बाबा. फार करपलेले. तब्येतीला चांगले नाहीत. रोजच नसतात."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. एका बाजूने बसेना, म्हणून तळव्याने दाबून बसवलं. मग बाईंपुढे हात केला. बाईंनी तो काप परत दिला. बाबांनी तो खिशात टाकला आणि उठून चालू लागले.

"बाबा, थांबा, मी रिक्षा..."

"तू कामात आहेस," ते म्हणाले आणि गेले.

पुढचं सगळं रिपोर्टताईने यंत्रवत केलं. नवा नमुना तिने स्वतः कढईवरून आणला, स्वतः दळला, आणि यंत्र चालू असताना त्या खोलीत कुणालाही कसलाही डबा आणू दिला नाही. आकडा सहाशे दहा आला. बाईंनी वेफर चाखले, कागद वाचले आणि होकार दिला. जाताना त्या रिपोर्टताईपाशी थांबल्या. "खरं सांगायचं तर तो काप पाहून मी उठायच्याच बेतात होते," त्या म्हणाल्या. "पण घरच्या माणसासमोर एवढं खरं बोलणारी बाई आमच्यासाठी खोटा आकडा लिहिणार नाही, असं वाटलं." मालकांनी खुशीत येऊन सगळ्यांना लवकर सोडलं. रिपोर्टताईला मात्र घर जसजसं जवळ येत गेलं तसतसे पाय जड होत गेले.

नवरा आधीच आला होता. त्याने दारातच कुजबुजून विचारलं, "काय झालंय? बाबा बोलत नाहीयेत. स्वयंपाकघराचं दार लावून बसलेत."

तिने थोडक्यात सांगितलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सगळ्यांसमोर?"

"मग काय करणार होते?"

दोघं दार ढकलून आत गेली. बाबा स्टुलावर बसले होते. तो पत्र्याचा डबा ओट्यावर होता.

"बाबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तुला कधीच आवडले नाहीत?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांचे खांदे खाली आले. मग ते जे बोलले ते ऐकून ती दोघं उभ्या जागी खिळली.

"सुटलो!" बाबा म्हणाले. "मला कुठे आवडतात? करपलेलं म्हटलं की माझी जीभ कडू होते. पहिल्या दिवशी मला झोप लागली आणि ते चुकून करपले. मी टाकूनच देणार होतो, तेवढ्यात तुम्ही दोघं आलात आणि वा बाबा, वा बाबा सुरू केलंत. म्हटलं, पोरांना असेच आवडतात. पुढे ते मुद्दाम करपवायला मला किती शिकावं लागलं, माहितेय? चार वेळा ओव्हन उघडून बघायचो, अजून काळे झाले का म्हणून! दुपारी तू म्हणालीस, इतके चांगले कधीच झाले नव्हते. मला वाटलं, अजूनही कमीच करपत होते की काय!"

रिपोर्टताई खाली फरशीवरच बसली. हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

बाबांनी डबा उचलून कचऱ्यात रिकामा केला. खिशातला कापही काढून टाकला. मग शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. आत उकडलेले बटाटे होते, पांढरेफटक. त्यांनी तीन बशांत वाढले.

"घ्या. आणि आता या घरात खरं बोलायचं. तू सांग," ते सुनेला म्हणाले.

तिने घास घेतला. "पचपचीत आहे. नुसतं लिंबू पिळलं तरी चालेल."

"शाब्बास!" बाबा खूष झाले. त्यांनी लिंबू कापायला घेतलं. "आणि तू रे? तू का गप्प?"

नवरा बशीतला बटाटा चमच्याने इकडून तिकडे ढकलत होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"खरं बोलायचं ना?"

"अगदी खरं."

"बाबा," तो म्हणाला, "मला बटाटाच आवडत नाही."

"काय?" बाबांच्या हातातली सुरी थांबली. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

"अरे, पण तुझी आई म्हणायची, याला बटाट्याशिवाय घास उतरत नाही! आयुष्यभर तुला बटाटा मिळावा म्हणून मी..."

"तिला वाटायचं, तुम्हाला आवडतो," नवरा म्हणाला. "मला म्हणायची, बाबांसमोर नाक मुरडू नकोस."

बाबांनी तिन्ही बशा एकावर एक रचल्या, बाजूला सारल्या, आणि हात पुसत सुनेला विचारलं, "तुला भात लावता येतो का गं? मला नाही येत."